तुफानातल्या लाटा: मोजणी किती, अंदाज किती

17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातच्या दिशेने सरकत असताना हिरा तेलक्षेत्रातला पी-305 हा तराफा नांगर सुटून भरकटला आणि त्याच संध्याकाळी बुडाला. त्यावर 261 माणसे होती. नौदलाने उसळत्या समुद्रात शिकस्त केली, तरी सत्तरहून अधिक जणांना वाचवता आले नाही. जागा मुंबईपासून साठ-सत्तर किलोमीटरवरची. इशारे कोणाला मिळाले, कोणी ते मनावर घेतले आणि कोणी नाही, यावर पुष्कळ बोलले गेले. ते बोलायलाच हवे होते. पण समुद्राचा विचार करणाऱ्याला आणखी एक प्रश्न पडतो. त्या ठिकाणी, त्या तासाला, लाट नेमकी किती उंच होती? वाचलेली माणसे सांगतात तो अंदाज डोळ्यांचा असतो, बुलेटिनमधला आकडा बहुतेक वेळा संगणकाचा असतो. भयंकर वादळाच्या गाभ्यात यंत्राने घेतलेली नोंद जगभर दुर्मीळ आहे, आणि जी आहे तिच्यातही गाळलेल्या जागा पुष्कळ आहेत. जहाजे, तेलाचे प्लॅटफॉर्म, बंदरांचे बांध या सगळ्यांची रचना मात्र त्या नोंदींवरच उभी असते.

आधी ‘लाटेची उंची’ म्हणजे काय ते पाहू. समुद्रात एका मापाची लाट कधी नसते. लहान, मोठ्या, आडव्यातिडव्या लाटांची ती गर्दी असते. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज हवा होता, तेव्हा हाराल्ड स्वेरड्रुप आणि वॉल्टर मंक यांनी एक सोयीचे माप रूढ केले: सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. अनुभवी खलाशी नजरेने जी उंची सांगतो, तिच्या जवळ हे माप येते. तिला लक्षणीय उंची म्हणू. हवामान खाते किंवा हैदराबादचे इन्कॉइस हे सागरी माहिती सेवा केंद्र ‘लाटा चार मीटर’ म्हणते तेव्हा ते या मापाबद्दल बोलत असते. 1952 मध्ये मायकेल लाँगेट-हिगिन्स यांनी दाखवले की लाटांच्या उंचींची विभागणी एका ठराविक संख्याशास्त्रीय नियमाने चालते. त्यानुसार हजारेक लाटांत, म्हणजे वादळी समुद्रात साधारण तीन तासांत, एखादी लाट लक्षणीय उंचीच्या जवळजवळ दुप्पट निघते. ‘चार मीटर’ ऐकून बोट बाहेर काढणाऱ्याला सात-साडेसात मीटरची एक तरी लाट भेटणार, हे गृहीत धरायला हवे. आपल्याकडच्या इशाऱ्यांत ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितली जाते. माझ्या मते ती प्रत्येक इशाऱ्यात असावी.

आता प्रत्यक्ष मोजमापांकडे येऊ. फेब्रुवारी 1933 मध्ये प्रशांत महासागरात अमेरिकी नौदलाचे रामापो हे तेलवाहू जहाज वादळात सापडले होते. जहाजाच्या ब्रिजवर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने मागून येणाऱ्या लाटेचा माथा डोलकाठीवरच्या टेहळणीच्या जागेशी एका रेषेत पाहिला, आणि जहाजाच्या मापांवरून भूमितीने उंची काढली: 34 मीटर. कित्येक दशके हाच आकडा विक्रम म्हणून सांगितला गेला. त्यावर कोणी फार विसंबले नाही आणि कोणाला तो खोडूनही काढता आला नाही.

यंत्राने घेतलेली निर्णायक नोंद आली 1 जानेवारी 1995 रोजी. उत्तर समुद्रात नॉर्वेच्या ड्राउप्नर प्लॅटफॉर्मवर खाली पाण्याकडे रोखलेले लेसर यंत्र होते. भोवतीच्या लाटांची लक्षणीय उंची 12 मीटरच्या आसपास असताना एक लाट 25.6 मीटरची आली आणि तिचा माथा शांत पाण्याच्या पातळीवर 18.5 मीटर चढला. अशा अवचित राक्षसी लाटा म्हणजे खलाशांच्या कहाण्या, असे म्हणण्याची सोय त्या दिवशी संपली. पुढचा वाद तिच्या कारणाचा. एका मतानुसार लाटा एकमेकींची ऊर्जा शोषून एकीला फुगवतात. दुसरे मत असे की वेगवेगळ्या लाटा योगायोगाने एका क्षणी एका ठिकाणी माथ्याला माथा लावून येतात, आणि खऱ्या लाटेचे माथे मुळातच टोकदार व खळगे पसरट असल्याने ती उंची आणखी वाढते. गेल्या दहा वर्षांतले काम मला दुसऱ्या मताच्या बाजूने झुकलेले दिसते. 2019 मध्ये एडिंबरो विद्यापीठाच्या गोल टाकीत ड्राउप्नर लाटेची प्रतिकृती उभी केली गेली. दोन लाटासमूह मोठ्या कोनात, सुमारे 120 अंशांत, एकमेकांना छेदत होते तेव्हाच ती तितकी उंच उठली. एका दिशेच्या लाटा त्याआधीच फुटत होत्या. चक्रीवादळात वाऱ्याची दिशा सतत फिरत असते, त्यामुळे असे छेद तिथे सहज घडू शकतात.

समुद्रतळावरच्या यंत्रांनी एक मोठी नोंद दिली. सप्टेंबर 2004 मध्ये आयव्हन हे हरिकेन मेक्सिकोच्या आखातात अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी तळाशी ठेवलेल्या यंत्रांवरून गेले. दाबातल्या फरकावरून लक्षणीय उंची 17.9 मीटर आणि सर्वांत मोठी लाट 27.7 मीटर निघाली. यंत्रे काही तासांच्या अंतराने काही मिनिटेच नोंद घेत होती. वादळाचा सर्वांत भीषण भाग त्या मधल्या वेळेत निसटला. वादळाच्या डोळ्याभोवतीच्या भिंतीजवळ 40 मीटरहून मोठ्या लाटा उठल्या असाव्यात, असे संशोधकांनी लिहिले. तो चाळीसचा आकडा अनुमानाचा होता. बातम्यांत मात्र तो मोजणीच्या थाटात फिरला.

बोया हे लाटा मोजण्याचे सर्वांत सामान्य साधन. नांगरून ठेवलेला बोया पाण्याबरोबर वरखाली होतो, आतले यंत्र त्वरण टिपते आणि त्यावरून गणिताने उंची काढली जाते. याच पद्धतीने 4 फेब्रुवारी 2013 रोजी ब्रिटन आणि आइसलंड यांच्यामधल्या ब्रिटिश हवामान खात्याच्या के-5 बोयाने 19 मीटर लक्षणीय उंची नोंदवली. बोयांच्या नोंदींतला विक्रम म्हणून जागतिक हवामान संघटनेने तो 2016 मध्ये मान्य केला. गंमत वाटावी अशी बाब म्हणजे त्या वेळी तिथला वारा होता 43.8 नॉट, म्हणजे ताशी 81 किलोमीटर. वाऱ्याच्या हिशेबात हे काही विलक्षण वादळ नव्हे. तौक्तेचा वेग याच्या दुपटीहून जास्त होता.

इथे लाटांचे खरे वागणे कळते. लाटेत वाऱ्याचा इतिहास साठलेला असतो. वारा किती जोराचा आहे याइतकेच, तो किती वेळ आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून वाहिला हेही महत्त्वाचे असते. उत्तर अटलांटिकमधली हिवाळी वादळे हजारो किलोमीटर पसरतात. चक्रीवादळाचा कडक वारा शे-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात मावतो आणि वळत राहतो, म्हणून त्यातल्या लाटांना वाढायला जागा अपुरी पडते. याला एक अपवाद आहे, आणि तो जिवावर बेततो. वादळ स्वतः ज्या वेगाने पुढे सरकते तो वेग लाटांच्या समूहाच्या वेगाशी जुळला, तर लाटा वाऱ्याच्या छायेखालून बाहेरच पडत नाहीत आणि वाढत जातात. उत्तर गोलार्धात हे वादळाच्या उजव्या बाजूला घडते. उत्तरेकडे जाणाऱ्या वादळाची उजवी बाजू म्हणजे पूर्व. कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकणाऱ्या वादळाच्या त्या बाजूला आपला किनारा आहे, मासेमारीचे पट्टे आहेत आणि बॉम्बे हायचे प्लॅटफॉर्मही.

फेब्रुवारी 2000 मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेला रॉकॉलजवळ ब्रिटिश संशोधन जहाज डिस्कव्हरीने 18.5 मीटर लक्षणीय उंची आणि 29.1 मीटरची एक लाट मोजली, तीही अशाच जुळून आलेल्या वेगामुळे. नंतर संगणकाच्या मॉडेलने तोच प्रसंग पुन्हा उभा करायचा प्रयत्न झाला, तेव्हा मॉडेलची लाट कमी पडली.

बोयाच्या स्वतःच्या मर्यादाही आहेत. फार उभ्या, फुटणाऱ्या लाटेत तो माथ्यावर चढण्याऐवजी बाजूने सरकतो किंवा माथ्याखालून ओढला जातो, आणि सर्वांत उंच टोक नोंदीत येत नाही. त्याच्यावरचे वायुवेगमापक पाण्यापासून तीन-चार मीटरवर असते. लाट दहा मीटरची झाली की ते खळग्यात लाटेच्या आडोशाला जाते आणि वारा कमी दाखवते. कधी साखळी तुटते, कधी बोया उलटतो. ज्या नोंदीची सर्वांत जास्त गरज असते तीच अशा वेळी हातची जाते.

वाऱ्याची अडचण याहून मोठी आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. पूर्ण वाढलेल्या समुद्रात लाटेची उंची ढोबळमानाने वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. पिअर्सन आणि मॉस्कोविट्झ यांच्या 1964 च्या सूत्रानुसार ताशी 72 किलोमीटरचा वारा पुरेसा वेळ वाहिला तर सुमारे साडेआठ मीटर लक्षणीय उंची देतो. म्हणजे वाऱ्यात दहा टक्के चूक झाली की लाटेत वीस टक्क्यांहून जास्त चूक. आणि चक्रीवादळाच्या वाऱ्यात दहा टक्क्यांची चूक झाली तर ती फार चांगली कामगिरी समजावी.

कारण बहुतेक वेळा तो वारा कोणी मोजलेलाच नसतो. उत्तर हिंदी महासागरात चक्रीवादळांच्या पोटात नियमितपणे विमाने जात नाहीत. उपग्रहातून दिसणाऱ्या ढगांच्या आकृतीवरून वादळाचा जोर ठरवण्याची व्हर्नन ड्वोरॅक यांची 1970 च्या दशकातली पद्धत अजूनही मुख्य आधार आहे. पद्धत गुणी आहे, अनुभवी माणसाच्या हाती आश्चर्यकारक जवळ जाते, पण तो अंदाजच. त्यात भर म्हणजे सरासरीचा घोळ. भारतीय हवामान खाते तीन मिनिटांची सरासरी घेते, अमेरिका एक मिनिटाची, जागतिक हवामान संघटनेचा प्रमाणित आकडा दहा मिनिटांचा. एकाच वादळाचे तीन आकडे वर्तमानपत्रात येतात आणि वाचक गोंधळतो. झोताचा वेग तर आणखी वेगळा. 10 एप्रिल 1996 रोजी ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर ऑलिव्हिया चक्रीवादळात ताशी 408 किलोमीटरचा झोत नोंदला गेला. तो जागतिक विक्रम म्हणून मान्य व्हायला 2010 उजाडले.

अमेरिकेकडे अटलांटिकसाठी विमाने आहेत. ती वादळात जाऊन ड्रॉपसोंड नावाच्या नळकांड्या सोडतात. छोट्या छत्रीला लटकलेले हे यंत्र खाली पडताना वाऱ्याचा वेग कळवत राहते. 2003 मध्ये मार्क पॉवेल आणि सहकाऱ्यांनी अशा शेकडो नोंदी एकत्र केल्या आणि अनपेक्षित गोष्ट हाती लागली. वारा वाढला की समुद्राचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि वाऱ्याला अधिकाधिक घट्ट धरतो, असे तोवर सगळी मॉडेले मानत होती. प्रत्यक्षात ताशी सुमारे 120 किलोमीटरपुढे ही पकड वाढायची थांबते. फेस आणि तुषार यांचा थर पाण्यावर पसरतो आणि वारा त्यावरून निसटल्यासारखा जातो. मायामीच्या प्रयोगशाळेत टाकीत केलेल्या प्रयोगांतही 2004 मध्ये जवळजवळ हीच मर्यादा दिसली. वादळाचा जोर, लाटा आणि किनाऱ्यावर चढणारे उधाणाचे पाणी या तिन्हींच्या गणितात या पकडीचा आकडा लागतो. त्यामुळे या एका शोधाने साऱ्या मॉडेलांचा पाया हलवला. पकड नेमकी कुठे थांबते आणि त्यापुढे कमी होते की स्थिर राहते, यावर आजही एकमत नाही.

उपग्रहांनी या क्षेत्राचे रूप पालटले, यात शंका नाही. रडारचा झोत सरळ खाली सोडून परतलेल्या लहरीच्या आकारावरून लक्षणीय उंची काढता येते. भारत आणि फ्रान्सचा सरल उपग्रह 2013 पासून याच कामासाठी होता. फेब्रुवारी 2011 मध्ये जेसन-2 उपग्रहाने उत्तर अटलांटिकमध्ये 20.1 मीटर लक्षणीय उंची टिपली. बोया तिथे नव्हता, म्हणून उपग्रह नसता तर ते वादळ आकड्याविनाच गेले असते. वाऱ्यासाठी स्कॅटरोमीटर आहेत. भारताचे ओशनसॅट-2, स्कॅटसॅट-1 आणि 2022 मध्ये सोडलेला ओशनसॅट-3 यांनी हे काम केले.

दोन उणिवा मात्र राहतात. उंची मोजणारा उपग्रह एका अरुंद रेषेवरूनच मोजतो. वादळाच्या उजव्या बाजूला, नेमक्या तासाला ती रेषा पडेल याची खात्री नसते. दुसरे म्हणजे स्कॅटरोमीटर पाण्यावरच्या बारीक तरंगांवरून वारा ओळखतो, आणि चक्रीवादळाच्या वेगाला त्या तरंगांची वाढ थांबते. पाण्यात मीठ विरघळेनासे झाल्यावर आणखी मीठ टाकले तरी चव बदलत नाही, तसा वारा वाढला तरी संकेत फारसा बदलत नाही. मुसळधार पावसाने तो आणखी बिघडतो. लांब लहरींवर चालणारे नवे उपग्रह, तिरप्या ध्रुवणाचे रडार, जीपीएसच्या परावर्तनावर चालणारे सिग्नससारखे छोटे उपग्रह यांनी ही मर्यादा पुढे ढकलली आहे. पण त्यांचे आकडे पडताळायला शेवटी पाण्यातलेच मोजमाप लागते. उपग्रह आले आता बोये कशाला, असे म्हणणाऱ्यांना या साखळीची कल्पना नसावी.

मॉडेलांची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिचे यश सर्वांना दिसते. 1957 मध्ये जॉन माइल्स आणि ओवेन फिलिप्स यांनी वारा लाटेला ऊर्जा कशी देतो याचे दोन सिद्धान्त मांडले. 1962 मध्ये क्लाउस हासेलमान यांनी चार लाटांचे गट आपसांत ऊर्जेची देवाणघेवाण कशी करतात ते गणिताने दाखवले. पुढे हवामानबदलाच्या कामासाठी 2021 चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. 1988 चे वॅम, नंतर वेव्हवॉच-3 आणि किनाऱ्यासाठी स्वान ही मॉडेले याच पायावर उभी आहेत. इन्कॉइसचे अंदाजही याच घराण्यातले. दक्षिण महासागरात उठलेल्या लाटा कित्येक दिवसांनी भारताच्या किनाऱ्यावर कधी पोहोचतील, हे ती आज चांगले सांगतात.

वादळाच्या गाभ्यात मात्र ती अडखळतात. सर्वांत मोठे कारण म्हणजे वारा जाडसर जाळीतून येतो. लाटांच्या इतिहासासाठी जगभर वापरला जाणारा ईआरए-5 हा संच सुमारे 31 किलोमीटरच्या चौकटींचा आहे. चक्रीवादळाच्या डोळ्याची भिंत त्यात विरून जाते आणि वारा कमी येतो. दुसरे कारण, या मॉडेलांतली फेसाळत फुटण्याची, पकडीची गणिते मध्यम समुद्रातल्या नोंदींवर जुळवलेली आहेत. 2022 मध्ये इयान हरिकेनच्या मार्गात विमानातून छोटे बोये टाकले गेले. एका मर्यादेपुढे वारा वाढला तरी लाटांचा सरासरी उतार वाढत नाही, असे त्या नोंदींतून दिसले. मॉडेल दुरुस्त करायला अशीच माहिती लागते. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेवरची मॉडेले झपाट्याने आली आहेत. ती वेगवान आहेत, पण शिकतात याच जुन्या संचांवरून, आणि सरासरी चूक कमी ठेवण्याच्या ओढीत टोके बोथट करतात. तुफानाच्या बाबतीत मी त्यांच्यावर इतक्यात विसंबणार नाही.

अभियंत्याला तर ‘शंभर वर्षांतली लाट’ हवी असते. दरवर्षी एक टक्का शक्यता असलेली ही लाट तीस वर्षे उभ्या राहणाऱ्या प्लॅटफॉर्मला भेटण्याची शक्यता सुमारे 26 टक्के असते. तिची उंची काढायची तर शतकाची नोंद हवी, आणि हाती असते वीस-तीस वर्षांची. मग ज्ञात भागाची वक्ररेषा अज्ञातात लांबवली जाते. एखादे वर्ष जास्त वादळी गेले की ही रेषा मीटर-दोन मीटर सरकते. हवामान स्थिर आहे हे त्यातले गृहीतही आता डळमळले आहे. इयान यंग आणि अगुस्तिनुस रिबाल यांनी 2019 मध्ये 31 उपग्रहांच्या 33 वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वाऱ्याच्या आणि लाटांच्या टोकाच्या मूल्यांत सरासरीपेक्षा जास्त वाढ दिसली. सर्वांत ठळक दक्षिण महासागरात. पुण्याच्या आयआयटीएम या उष्णदेशीय हवामान संस्थेतील अभ्यासकांनी 2021 मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळे गेल्या चार दशकांत वाढल्याचे आणि जास्त काळ टिकत असल्याचे दाखवले. 2009 चे फयान, 2020 चे निसर्ग, 2021 चे तौक्ते: पश्चिम किनारा सुरक्षित, ही जुनी समजूत सोडून द्यायला एवढे पुरे आहे.

आपल्याकडे मोजणी होत नाही, असे नाही. गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने रत्नागिरीसमोर लाटा मोजणारा बोया ठेवून वर्षानुवर्षांच्या नोंदी काढल्या आहेत. चेन्नईच्या एनआयओटी या सागर तंत्रज्ञान संस्थेचे नांगरलेले बोये 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खोल समुद्रात आहेत. पण अरबी समुद्राच्या विस्ताराला ही संख्या फार थोडी आहे, आणि जे आहेत त्यांच्यावर माणसांचेच घाव पडतात. बोयाखाली मासे जमतात म्हणून बोटी त्याला बांधल्या जातात, जाळी अडकतात, सौर पट्ट्या आणि यंत्रे काढून नेली जातात. वादळाआधीच बंद पडलेला बोया त्या वादळात कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

माझी मागणी यातूनच येते. नवे मोठे मॉडेल घेण्याआधी मुंबई-गोवा पट्ट्यासमोर लाटा मोजणारे बोये दुपटी-तिपटीने वाढवा, आणि वादळाच्या मार्गात टाकण्याजोगे छोटे बोये तयार ठेवा. 2021 मध्ये सॅम हरिकेनमध्ये निर्मनुष्य सेलड्रोन नौकेने पंधरा मीटरच्या लाटांतून चित्रफीत आणि वाऱ्याच्या नोंदी पाठवल्या. असे काम आपल्या संस्थांनाही अशक्य नाही. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर वारा आणि लाटा मोजणे कामाच्या सुरक्षेसाठी लागतेच. त्या नोंदी प्रत्येक वादळानंतर खुल्या करण्याचा नियम व्हावा. आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्यांना, तांडेलांना विनंती की समुद्रात पिवळा बोया दिसला तर त्याला बोट बांधू नका, कोणी तोडताना दिसला तर तटरक्षक दलाला कळवा.